रत्नागिरीहून एका दिवसात तीन देवळं: आडिवरे, कशेळी, धोपेश्वर – गटाची सहल कशी आखावी आणि कशी न्यावी

कोकणातल्या देवळांची एक दिवसाची सहल फसते ती बहुतेक वेळा कागदावरच. नकाशावर आठ देवळं जवळजवळ दिसतात, म्हणून आठही घेतली जातात. मग प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, घाईघाईत नमस्कार आणि पुन्हा गाडीत. संध्याकाळी कुठला देव कुठल्या गावचा हेही कुणाला सांगता येत नाही. किनाऱ्याकडच्या रस्त्यांवर ताशी 30 किलोमीटरच्या वर सरासरी धरू नका. खाडी आली की उतार, पूल, चढ, की लगेच पुढचं वळण. दिवसाला तीन देवळं हा आमच्या मते योग्य आकडा आहे, आणि या तिघांत एक देवीचं, एक सूर्याचं आणि एक शंकराचं असलं तर गटाला फरक आपोआप दिसतो. रत्नागिरीहून दक्षिणेला आडिवऱ्याची महाकाली, कशेळीचा कनकादित्य आणि राजापूरजवळच्या धोपेश्वर गावचा धूतपापेश्वर या वाटेवर हे तिन्ही मिळतात. फेरी गोल असल्यामुळे आल्या रस्त्याने परतावंही लागत नाही.

माणसं आणि गाडी

12 ते 16 माणसं पुरेत. त्याहून जास्त झाली की सभामंडपात सगळ्यांना एकदम ऐकू जात नाही, आणि गुरवालाही अडचण होते. 17 आसनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्या. मोठी बस आडिवऱ्यापर्यंत जाते, पण कशेळीच्या आतल्या रस्त्यांवर समोरून एसटी आली की मागे घ्यायला जागा नसते. ड्रायव्हर स्थानिक असलेला बरा. डिझेल रत्नागिरीत भरून निघा.

गाडी लागणाऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा, आणि निघण्याआधी त्यांना काहीतरी खायला लावा. रिकाम्या पोटी गाडी जास्त लागते, हे पुष्कळांना पटत नाही. आलेपाकाच्या वड्या आणि चार-पाच प्लॅस्टिकच्या पिशव्या हाताशी असू द्या.

मुंबईहून कोकण रेल्वेने येणाऱ्यांना रत्नागिरी स्टेशनचंच तिकीट काढायला सांगा. राजापूर रोड हे स्टेशन राजापूर गावापासून बरंच लांब आहे. नाव बघून तिथे उतरलेली माणसं आणायला गाडी पाठवली की अर्धा दिवस गेला.

आठ दिवस आधी करायचे फोन

तिन्ही देवस्थानांना किंवा तिथल्या पुजाऱ्यांना आधी फोन करा. विचारायच्या गोष्टी ठरावीक आहेत: त्या दिवशी उत्सव किंवा एखाद्या घरचं कार्य आहे का, नैवेद्य किती वाजता होतो, त्यानंतर गाभारा बंद होतो का आणि परत कधी उघडतो, अभिषेक किंवा ओटी करायची तर किती आधी पोचायचं. दुपारी साडेबारा ते चारच्या दरम्यान अनेक ठिकाणी गाभाऱ्याला कडी असते. देऊळ उघडं, मंडप उघडा, पण देव दिसत नाही. दुपारच्या जेवणाची वेळ ठरते ती यावरूनच.

ग्रहणाच्या दिवशी सहल ठेवू नका. शिमग्यात गावोगावच्या ग्रामदेवतांची रूपं (मुखवटे) लागून पालखी घरोघर फिरत असते, त्यामुळे देवळात जाऊन पालखीतला देव शोधू नये. उलट पालखी कुठल्या वाडीत आहे हे कळलं तर तिथे जाऊन दर्शन घेणं जास्त मोलाचं, फक्त गावच्या मानकऱ्यांना विचारून. नवरात्रात आडिवऱ्याला, रथसप्तमीला कशेळीला आणि महाशिवरात्रीला धूतपापेश्वराला मोठी गर्दी असते. उत्सव पाहायचा असेल तर त्या दिवशी एकच देऊळ ठेवा. तीनही करायला गेलात तर एकही नीट होत नाही.

सर्वांत चांगले महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे मध्ये सकाळी अकरानंतर अंगणातला जांभा दगड पायाला चटके देतो. पावसाळ्यात हिरवाई आणि धबधबा बघून डोळे निवतात, पण जांभ्यावर शेवाळ येतं आणि पायऱ्यांवरून माणसं घसरून पडतात. शिवाय अर्जुना आणि कोदवली नद्यांना पूर आला की राजापूरच्या बाजारपेठेत पाणी शिरतं. जुलै-ऑगस्टमध्ये जायचंच असेल तर आदल्या रात्री आणि सकाळी निघतानाही राजापुरात कुणाला तरी फोन करून विचारा.

बरोबर काय घ्यायचं

माणशी दोन लिटर पाणी, उन्हाळ्यात तीन. ओआरएसची दहा पाकिटं. दोन बॅटऱ्या, त्यातली एक पिवळसर उजेडाची. मंडपात बसायला चार चटया. जाडे सुती मोजे प्रत्येकाने आपापले आणावेत, दुपारच्या प्रदक्षिणेला लागतात. पुजारी, जेवण देणारं घर आणि ड्रायव्हर यांचे नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, मोबाईलची रेंज जाते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

पूजेचं सामान रत्नागिरीतच घ्या, गावात ऐन वेळी मिळेल याचा भरवसा धरू नका. देवीसाठी एक खण, नारळ, ओटीपुरते तांदूळ, हळदकुंकू आणि लाल फुलं. सूर्याला जास्वंद किंवा कण्हेर. शंकराला बेल, तोही आदल्या दिवशी सांगून ठेवलेला. नारळ गटाचा मिळून प्रत्येक देवळात एकच द्या. पंधरा जणांचे पंधरा नारळ फोडत बसलात तर पाऊण तास त्यातच जातो, आणि एवढ्या खोबऱ्याचं करायचं काय हा प्रश्न पुजाऱ्यापुढे राहतो. दक्षिणेसाठी सगळ्यांची वर्गणी आधी काढून तीन पाकिटं भरून ठेवा. पेटीत टाकायला ज्याच्या त्याच्याकडे सुट्या नोटा असाव्यात.

गाभाऱ्यात जाऊन अभिषेक करणाऱ्यांनी सोवळं किंवा धूतवस्त्र बरोबर घ्यावं. बाकीच्यांना साधे, गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे पुरतात. हे आदल्या दिवशीच्या मेसेजमध्ये स्पष्ट लिहा. देवळाच्या दारात कुणाला मागे ठेवावं लागणं हे त्या माणसालाही लागतं आणि गटालाही.

वेळापत्रक

रत्नागिरीच्या मारुती मंदिर चौकातून सकाळी सव्वासहाला निघा. साडेसहा असं सांगितलंत तर पावणेसातला निघाल. पावसला सात-सव्वासातला पोचता. तिथे स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचं दर्शन आणि न्याहारी मिळून तासभर. सकाळचं स्वच्छतागृह इथेच सगळ्यांनी उरकून घ्यावं, पुढे गटाला पुरतील अशा सोयी तुरळक आहेत. वाटेत गणेशगुळ्याला जाऊ या असं कुणीतरी नक्की म्हणतं. 'गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला' ही म्हण सर्वांच्या तोंडी असते आणि ते जांभ्याचं जुनं देऊळ खरोखरच पाहण्यासारखं आहे. पण ते गणपतीपुळ्याच्या फेरीला जोडा. इथे घुसवलंत तर कशेळीला दुपार होते.

सव्वाआठला पावस सोडून पूर्णगडच्या खाडीवरच्या पुलावरून गावखडीमार्गे नऊच्या सुमारास आडिवरे. तिथे सव्वा तास. साडेदहापर्यंत कशेळी, तिथे दीड तास. बारा-सव्वाबाराला त्याच परिसरातल्या एखाद्या घरगुती खानावळीत जेवण. दोन वाजता राजापूरकडे, सुमारे सव्वा तासाचा प्रवास. साडेतीन ते पाच धोपेश्वर. मग महामार्गाने ओणी, लांजा, पाली, हातखंबा करत साडेसात-पावणेआठपर्यंत रत्नागिरी.

ही फेरी उलटीही करता येते, म्हणजे संध्याकाळी कशेळीच्या समुद्रकाठच्या देवघळीवरून सूर्यास्त मिळतो. गट तरुण असेल तर करा. वयस्क माणसं असतील तर मात्र नको. सूर्यास्तानंतर चाळीसेक किलोमीटर अंधारातून, अरुंद रस्त्याने यावं लागतं आणि देवघळीला उतरायच्या पायऱ्या काळोखात धोक्याच्या आहेत. शिवाय सूर्याच्या देवळात सकाळीच जावं, हे आमचं ठाम मत आहे.

आडिवरे: बाहेरून आत

गाडीतून उतरल्याबरोबर माणसं सरळ गाभाऱ्याकडे धावतात. त्यांना अंगणातच थांबवा. पाच मिनिटं बाहेरून देऊळ दाखवा: दीपमाळ, तुळशीवृंदावन, नगारखाना, मग उतरत्या छपराचा सभामंडप, त्यामागे गाभारा. घाटावरच्या दगडी देवळांची सवय असलेल्यांना हे छप्पर घरासारखं वाटतं. कारण सोपं आहे. इथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि पाणी क्षणभरही साचू न देणं हे बांधणाऱ्याचं पहिलं काम असतं. भिंत जांभ्याची. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्यारानेही तासता येतो, आणि हवा लागली की कडक होतो. पण तो सच्छिद्र असल्यामुळे त्यावर बारीक नक्षी धरत नाही. म्हणून कोकणातल्या कारागिराने आपलं कसब लाकडात ओतलं. हे एकदा सांगून ठेवलं की पुढच्या देवळात माणसं आपणहून वर बघू लागतात.

आडिवऱ्याला महाकाली, महासरस्वती आणि महालक्ष्मी अशा तिघी एकाच आवारात आहेत, शिवाय रवळनाथासारख्या परिवारदेवता. महाकाली जवळच्या वेत्ये गावच्या समुद्रात कोळ्यांच्या जाळ्यात सापडली, अशी कथा सांगतात. ओटी महाकालीची भरा, बाकी देवतांना फुलं वाहा.

इथे गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घ्या. शहरातल्या मंडळींना ही गोष्ट नवीन असते, त्यामुळे आधी समजवा. गुरव देवीसमोर उभा राहून मंडळी कुठून आली, कशासाठी आली ते देवीच्या कानावर घालतो, त्यांचं रक्षण कर असं मागणं मागतो, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी सर्वांनी हात जोडून एका आवाजात 'होय महाराजा' म्हणायचं असतं. आधी सांगितलं नसेल तर पहिल्या दोन वाक्यांना शांतता पडते आणि गुरव अवघडतो. गटातल्या एखाद्या खणखणीत आवाजाच्या माणसाला पुढे उभं करा, बाकीचे त्याच्यामागून म्हणतात. गाऱ्हाणं चालू असताना मोबाईलवर चित्रण करायचं असेल तर गुरवाला आधी विचारा. गाभाऱ्यातला फोटो कुठल्याही देवळात विचारल्याशिवाय काढू नका.

देवीला प्रदक्षिणा एक. प्रदक्षिणेचा संकेत या फेरीत फार छान उलगडतो: देवीला एक, सूर्याला सात आणि शंकराला अर्धी. तिन्ही प्रकार एका दिवसात घडतात, तेव्हा सकाळीच सांगून ठेवा.

कशेळी: दीड तास इथे द्याच

कनकादित्याचं देऊळ या दिवसाचा गाभा आहे. महाराष्ट्रात सूर्याची नांदती देवळं मोजकी, त्यांत हे फार महत्त्वाचं. छपरावर तांब्याचे पत्रे आहेत. काही पाहायच्या आधी सर्वांना मंडपात चटयांवर बसवा आणि गोष्ट सांगा, पण दोन भागांत.

पहिला भाग आख्यायिकेचा. प्रभासपाटणच्या सूर्यमंदिरावर परचक्र येणार म्हणून एका नावाड्याने मूर्ती गलबतातून दक्षिणेकडे आणल्या. कशेळीच्या किनाऱ्यासमोर गलबत अडलं आणि एक मूर्ती तिथल्या गुहेत ठेवावी लागली. पुढे गावातल्या कनका नावाच्या सूर्यभक्त स्त्रीला दृष्टान्त झाला, मूर्ती गावात आली आणि तिच्या नावाने देव कनकादित्य झाला. दुसरा भाग लेखी पुराव्याचा. शिलाहार राजा दुसरा भोज याने शके 1113 मध्ये, म्हणजे इसवी सन 1191 मध्ये, बारा ब्राह्मणांच्या भोजनासाठी कशेळी गाव दिल्याचा ताम्रपट आहे. आख्यायिका ज्या स्वारीशी जोडली जाते ती अलाउद्दीन खिलजीच्या काळची, तेराव्या शतकाच्या अखेरची. म्हणजे मूर्ती येण्याची जी वेळ कथेत सांगतात, त्याच्या शंभरेक वर्षं आधीच हे गाव राजाच्या दानपत्रात आहे. गटाला दोन्ही सांगा, आणि कुठली गोष्ट कथा, कुठली लेख हे सांगताना वेगळं ठेवा. श्रद्धेला त्याने धक्का लागत नाही, आणि इतिहासाची आवड असलेला माणूस तुमच्या पुढच्या शब्दावरही विश्वास ठेवतो. ताम्रपट पाहायला मिळेलच असं मात्र कुणाला सांगू नका.

आता तख्तपोशी. मंडपाच्या लाकडी छतावर पुराणातले प्रसंग कोरलेले आहेत. बहुतेक लोक मान वर करून 'छान आहे' म्हणतात आणि निघतात, कारण खालून त्यांना फक्त काळपट लाकूड दिसत असतं. विचारून बॅटरी लावा, आणि उजेड सरळ खालून वर मारू नका. सरळ उजेडात उठाव सपाट होतो, लाकूड चमकतं आणि आकृत्या हरवतात. मंडपाच्या कडेला जा, हात डोक्याच्या वर धरून झोत छताला जवळजवळ समांतर, तिरका टाका. लगेच प्रत्येक आकृतीच्या मागे सावली पडते: आधी हातातलं शस्त्र सुटं दिसतं, मग मुकुटाची कड, मग कपड्याच्या चुण्या. आता झोत विरुद्ध बाजूने टाका, त्याच चौकटीत आधी न दिसलेलं काही दिसतं. एकाने बॅटरी धरावी, बाकीच्यांनी चटईवर पाठ टेकून बघावं. उभ्याने बघितलं तर दोन मिनिटांत मान दुखते आणि लोक कंटाळले असं वाटतं. एका वेळी एकच चौकट घ्या. चार चौकटी नीट पाहिल्या तरी वीस मिनिटं जातात, आणि ती सत्कारणी लागतात.

सूर्याच्या सात प्रदक्षिणा साडेअकराच्या आत उरका. त्यानंतर दगड तापतो. सात जमत नसतील त्यांनी एक करून मंडपात बसावं, ओढाताण करू नये.

कशेळीच्या सड्यावर आणखी एक गोष्ट आहे, कातळात खोदलेला प्रचंड हत्ती. त्याच्या देहाच्या रेषेच्या आत कितीतरी दुसरे प्राणी आहेत. कोकणातली जी कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यांत कशेळी आहे. मोह होतो, पण भर दुपारी उथळ रेषा अजिबात उठून दिसत नाहीत. तख्तपोशीला जे लागू तेच इथे, उजेड तिरका हवा. हत्ती पाहायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत, पावसचा थांबा गाळून सकाळी आठच्या आत सड्यावर पोचा आणि मग कशेळीचं देऊळ, नंतर आडिवरे असा क्रम लावा. खोदलेल्या रेषांवर पाय देऊ नका. फोटोत स्पष्ट यावं म्हणून त्यात खडू किंवा रांगोळी भरण्याचा प्रकार कुणी करू लागला तर तिथल्या तिथे थांबवा.

जेवण

आदल्या दिवशी माणसं मोजून सांगा, कारण घरगुती ठिकाणी अंदाजाने रांधून ठेवत नाहीत. भात, कुळथाची पिठी किंवा डाळीची आमटी, एक फळभाजी, हंगामात फणसाची भाजी, सोलकढी आणि माणशी दोन मोदक, एवढं पुरतं. मोदक हवे असतील तर दोन दिवस आधी सांगा. पुढे अजून एक देऊळ आहे, त्यामुळे दुपार शाकाहारीच ठेवा. मासे खायचे त्यांनी रात्री रत्नागिरीत खावेत. जेवण जड झालं तर राजापूरच्या वळणांवर त्रास होतो, म्हणून निघण्यापूर्वी पाऊण तास ओसरीवर विश्रांती द्या.

धोपेश्वर

राजापूर गावापासून तीनेक किलोमीटरवर, मृडानी नदीच्या काठी धूतपापेश्वर आहे. पावसाळ्यात देवळाजवळच धबधबा कोसळतो आणि त्याच्या आवाजात दोन माणसांना एकमेकांचं ऐकू येत नाही, तेव्हा जे सांगायचं ते गाडीतच सांगून घ्या. कुंडात आणि प्रवाहात कुणालाही उतरू देऊ नका. वरून शांत दिसणारं पाणी दगडांमध्ये खेचतं. मुलं बरोबर असतील तर प्रत्येकाचा हात धरायला एक मोठं माणूस नेमा.

राज्य शासनाने प्राचीन मंदिरांच्या जतनासाठी पहिल्या टप्प्यात जी आठ देवळं निवडली, त्यांत हे एक आहे. त्यामुळे फोनवरच विचारा की कुठला भाग दर्शनाला खुला आहे.

अर्धी प्रदक्षिणा कशी घालायची हे पुष्कळांना ठाऊक नसतं. शंकराच्या अभिषेकाचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडतं ती ओलांडायची नाही. नेहमीसारखं देव उजव्या हाताला ठेवून सुरुवात करा, पन्हळीपर्यंत जा, तिथून मागे फिरा, आल्या वाटेने परत येऊन दुसऱ्या बाजूने पन्हळीच्या अलीकडच्या काठापर्यंत जा आणि पुन्हा मागे या. गटात पहिला माणूस चुकला की मागचे चौदा चुकतात, म्हणून पुढे स्वतः राहा.

राजापूरची गंगा, म्हणजे मधूनच अचानक प्रकटणारे झरे, आली असेल तर ती उन्हाळे गावात आहे, राजापूरपासून जवळच. साधारण तीन वर्षांनी येते, पण ठरवून येत नाही. आल्याची बातमी असेल तर चौदा कुंडांच्या त्या आवाराला तासभर द्यावा लागेल, गर्दीत दीड. तेवढा वेळ काढायचा तर सकाळी पावस गाळा. उन्हाळे गावचं गरम पाण्याचं कुंड मात्र बारमाही असतं.

परतताना

राजापूर स्टँडवर पाच-दहा मिनिटं स्वच्छतागृहासाठी थांबा, मग थेट महामार्ग. अंजणारीच्या घाटात अंधार पडतो, ड्रायव्हरला त्याआधी चहा मिळालेला असावा, तेव्हा लांज्याला थांबा. रात्रीची रेल्वे पकडणारे कुणी असतील तर त्यांना हातखंब्याहून येताना आधी स्टेशनवर सोडा, ते वाटेतच लागतं. गाडी सुटायच्या वेळेआधी किमान दीड तास हाती राहील अशीच तिकिटं काढायला सांगा. हिशेब गाडीतच वाचून दाखवा: गाडीभाडं, जेवण, पूजेचं सामान, तिन्ही दक्षिणा, ड्रायव्हरचा भत्ता. उरलेले पैसे त्याच रात्री परत करा, आणि देवस्थानांच्या पावत्यांचे फोटो सगळ्यांना पाठवून द्या.